इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर: एक्स-रे, स्क्रू आणि कोड

खुब्याजवळ हाड मोडलंय, एवढ्याच माहितीवर पुढचा एकही निर्णय घेता येत नाही. मांडीच्या हाडाची मान मोडली तर प्रश्न रक्तपुरवठ्याचा असतो. मान आणि दांडा जिथे मिळतात तिथे, ग्रेटर आणि लेसर ट्रोकँटर या दोन उंचवट्यांच्या मधे हाड मोडलं, तर प्रश्न भार कोण पेलणार याचा असतो. हे दुसरं, म्हणजे इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर सांध्याच्या कॅप्सूलबाहेर (वेष्टनाबाहेर) असतं. इथलं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं, त्यामुळे ते बहुतेक वेळा जुळतंच. पण मोकळं सोडलं तर वाकडं जुळतं: मान खाली झुकते, पाय आखूड होतो, बाहेर वळलेलाच राहतो. आणि जुळेपर्यंत आठ ते बारा आठवडे अंथरुणात गेले तर वयस्क माणूस न्यूमोनियाने, पाठीच्या जखमांनी किंवा फुप्फुसात गेलेल्या गुठळीने दगावू शकतो. म्हणून ऑपरेशन करायचं ते हाड योग्य कोनात धरून माणसाला लगेच उभं करण्यासाठी.

निदान, इम्प्लांट आणि कोडिंग ही कामं तीन वेगळ्या टेबलांवर होत असली तरी तिन्हींना लागणारी माहिती एकच असते. फ्रॅक्चरची रेषा कुठून जाते, तुकडे सरकलेत का, आणि हाड मुळात का मोडलं? या तीन गोष्टी केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहिल्या की पुढचे बरेच घोळ होत नाहीत.

रुग्ण समोर आल्यावर

पाय आखूड आणि बाहेर वळलेला, उचलायला सांगितला तर टाचही गादीवरून सुटत नाही, हे चित्र ओळखीचं आहे. त्यातही फरक बघण्यासारखा असतो. मानेच्या फ्रॅक्चरमध्ये कॅप्सूल तुकड्याला थोडं धरून ठेवतं, त्यामुळे पाय अर्धवटच वळतो. इंटरट्रोकँटरिकमध्ये पावलाची बाहेरची कड जवळजवळ गादीला टेकते, आणि ग्रेटर ट्रोकँटरवर सूज व काळंनिळं दिसू लागतं. पाय लाकडी ओंडक्यासारखा हलकेच आत-बाहेर फिरवून पाहिला तरी दुखणं पुरेसं कळतं. त्याहून जास्त हलवू नये.

रक्त बाहेर दिसत नाही, मांडीत साचतं. ते एक लिटरपर्यंत जाऊ शकतं. दाखल होतानाचं हिमोग्लोबिन म्हणूनच फसवं असतं. सलाईन गेल्यावर खरा आकडा समोर येतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी पुन्हा करावी. ईसीजी, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर आणि रक्तगट हे ओघाने आलंच. रुग्ण कित्येक तास जमिनीवर पडून होता असं कळलं तर सीके (स्नायूतून रक्तात उतरणारं एन्झाइम) बघावं, कारण स्नायू चिरडल्याने मूत्रपिंड धोक्यात येतं.

पडण्याचं कारण विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. पाय घसरला, की आधी चक्कर आली? की आधी खुबा दुखत होता आणि वळताना ‘कट्’ झालं नि मग पडणं झालं? शेवटच्या उत्तरावर कॅन्सरची गाठ हाडात उतरली असण्याची शंका घ्यायची आणि मांडीचं पूर्ण हाड, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, एक्स-रेत बघायचं. प्रौढ माणसात मार लागल्याशिवाय लेसर ट्रोकँटर एकटाच निखळलेला दिसला तर ते दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मेटास्टॅसिस (हाडात पसरलेला कॅन्सर) समजावं.

एक्स-रे कसा काढायचा, कसा वाचायचा

दोन फिल्म लागतात: संपूर्ण ओटीपोटाचा एपी (समोरून) आणि दुखऱ्या बाजूचा क्रॉस-टेबल लॅटरल (पाय न हलवता बाजूने). बेडकासारखा पाय फाकवून काढायचा लॅटरल इथे काढायचाच नाही, त्यात दुखतं आणि तुकडे आणखी सरकतात. एपी काढताना सोसवेल तितकं पाय १५ अंश आत वळवलेले हवेत. पाय बाहेर वळलेला असताना मान समोरासमोर आखूड दिसते आणि लेसर ट्रोकँटर आतल्या बाजूला मोठा डोकावतो. अशा फिल्मवर रेषा हुकते आणि तुकडे किती झालेत याचाही अंदाज चुकतो. रचना गुंतागुंतीची वाटली तर वेदना शमवून, हलका ताण देत आणि पाय आत वळवत एक फिल्म काढावी. तुकड्यांचा खरा हिशोब बहुतेक वेळा तिथेच लागतो.

एक्स-रे स्वच्छ आहे पण रुग्ण पायावर भार देऊ शकत नाही, अशा वेळी घरी पाठवू नये. एमआरआय करावा. २४ तासांत तो होणार नसेल किंवा करता येणार नसेल तर सीटी. एक्स-रेत फक्त ग्रेटर ट्रोकँटर मोडलेला दिसतो तेव्हा हा नियम विशेष पाळावा, कारण त्याच रेषेचं टोक आत इंटरट्रोकँटरिक भागात उतरलेलं असू शकतं आणि साध्या फिल्मवर ते दिसत नाही.

वर्गीकरणात एओ/ओटीए या अस्थिशल्य संघटनांची पद्धत उपयोगी, कारण तिच्यातून इम्प्लांट ठरतं. ३१ए१ म्हणजे साधं, दोन तुकड्यांचं, बाहेरची भिंत शाबूत. ३१ए२ म्हणजे अनेक तुकडे आणि बाहेरची भिंत कमकुवत. ३१ए३ म्हणजे रेषाच बाहेरच्या भिंतीतून जाते, आडवी किंवा उलटी तिरकी. ए१ आणि ए२ यांतली सीमा २०१८च्या सुधारणेत आकड्यात बांधली आहे: एपी फिल्मवर ग्रेटर ट्रोकँटरच्या खालच्या उंचवट्यापासून ३ सेंटिमीटर खाली खूण करायची, तिथून १३५ अंशांत वर फ्रॅक्चरच्या रेषेपर्यंत रेघ ओढायची. ही लांबी २०.५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर भिंत पातळ. अशी भिंत ऑपरेशनमध्ये ड्रिल चालवतानाच फुटू शकते, आणि ए२ म्हणून टेबलावर घेतलेलं फ्रॅक्चर उतरताना ए३ झालेलं असतं.

ऑपरेशनआधीचे तास

दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, हे लक्ष्य. रक्त वाढवणं, पोटॅशियम सुधारणं, बेसुमार धडधड आवरणं यासाठी थांबावं. ‘फिटनेस येऊ दे’ म्हणून चार दिवस इको आणि अभिप्रायांच्या रांगेत घालवू नयेत. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के देऊन आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.५ च्या खाली आणावा. क्लोपिडोग्रेलसाठी ऑपरेशन पुढे ढकलण्याची गरज सहसा नसते, भुलीची पद्धत मात्र बदलावी लागू शकते. पायाला वजन लटकवून ठेवण्याची जुनी सवय सोडून द्यावी. त्याने वेदना कमी होतात असं दिसलेलं नाही, टाचेची कातडी मात्र जाते.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल नियमित आणि सोबत फॅशिया इलियाका ब्लॉक (जांघेजवळ देऊन मांडीच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन). त्याचं औषध वजनावर मोजावं. बुपिव्हकेनची कमाल मात्रा किलोमागे २ मिलिग्रॅम धरली तर ४० किलोच्या बाईला ८० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे ०.२५ टक्क्यांच्या औषधाचे ३२ मिलिलिटर. सगळ्यांना सरसकट ४० मिलिलिटर देणं सडपातळ रुग्णात घातक ठरतं. डायक्लोफेनॅकसारखी औषधं टाळावीत, कारण या वयात मूत्रपिंड आधीच कोरडं पडलेलं असतं. चीर देण्याआधी तासाभरात सेफॅझोलिन २ ग्रॅम. ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दिल्याने रक्त चढवण्याची वेळ कमी येते, विरुद्ध कारण नसेल तर द्यावं.

डीएचएस की नेल

ए१ला डीएचएस (डोक्यात जाणारा सरकता स्क्रू आणि दांड्यावर बाहेरून प्लेट) पुरतो, आणि चांगला पुरतो. ए३ला नेलच (हाडाच्या पोकळीत घालायची सळई). उलट्या तिरक्या रेषेत डीएचएस का फसतो ते समजून घ्यावं: डीएचएसचं सगळं काम स्क्रू नळीत सरकून तुकडे एकमेकांवर दाबले जाण्यावर चालतं. ए३ मध्ये रेषा स्क्रूच्या सरकण्याच्या दिशेला जवळजवळ समांतर असते, त्यामुळे सरकल्यावर तुकडे दाबले जात नाहीत, एकमेकांवरून घसरतात. दांडा आत जातो, डोकं बाहेर येतं आणि शेवटी प्लेटचे स्क्रू उपटतात. ए२ मध्ये मतभेद आहेत. तुकडे अनेक असले तरी भिंत जाड असेल तर डीएचएस, पातळ असेल तर नेल, हा मार्ग आम्हाला योग्य वाटतो.

रेषा मानेच्या पायथ्याशी असेल तर डोक्याचा तुकडा एका स्क्रूभोवती गरगर फिरू शकतो. तिथे डीएचएससोबत वर एक जादा स्क्रू द्यावा. या फ्रॅक्चरचा कोडही वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊच.

आधी रिडक्शन, मग हत्यार

रिडक्शन म्हणजे सरकलेले तुकडे जागेवर आणणं. फ्रॅक्चर टेबलवर पाय ओढायचा, थोडा बाहेर घ्यायचा, मग गुडघ्याची वाटी किंचित आत बघेपर्यंत आत वळवायचा. सी-आर्मवर (ऑपरेशनमधला फिरता एक्स-रे) एपीत मान आणि दांड्याचा कोन १३० ते १४५ अंशांत हवा. थोडा व्हाल्गस (कोन वाढलेला) चालेल, व्हेरस (कोन घटलेला, मान झुकलेली) अजिबात नाही. लॅटरलमध्ये दांडा मागे झुकलेला दिसतो, तो एपीत कळत नाही. मांडीखाली आधार देऊन किंवा सहायकाने तळहाताने उचलून तो सरळ करावा. बंद पद्धतीने जमत नसेल तर छोटी चीर घेऊन तुकडा हुकने किंवा क्लॅम्पने बसवावा. वाईट रिडक्शनवर बसवलेला उत्तम स्क्रू टिकत नाही.

डीएचएससाठी १३५ अंशांच्या गाईडने वायर जाते ती व्हास्टसच्या कडेखाली (ग्रेटर ट्रोकँटरच्या पायथ्याची हाडाची धार) साधारण २ ते २.५ सेंटिमीटरवरून. ती दोन्ही फिल्मवर डोक्याच्या मध्यात आणि सांध्याच्या पृष्ठभागापासून ५ ते १० मिलिमीटरवर थांबायला हवी. वायर वर आणि पुढे गेलेली दिसली तर मोह आवरून काढावी आणि पुन्हा घालावी, कारण डोकं फाडून स्क्रू बाहेर येण्याची भीती तिथेच सर्वांत जास्त. लॅग स्क्रू (डोक्यात जाणारा मुख्य स्क्रू) घड्याळाच्या दिशेने फिरवताना डोक्याचा तुकडाही सोबत फिरू शकतो. डाव्या खुब्यात त्यामुळे बसलेलं रिडक्शन उघडण्याची शक्यता अधिक. म्हणून रीमरच्या (हाड पोखरणाऱ्या ड्रिलच्या) आधीच समांतर दुसरी वायर रोवून ठेवावी आणि स्क्रू बसल्यावरच काढावी.

टिप-ॲपेक्स अंतर, म्हणजे टीएडी, हा आकडा १९९५ मध्ये बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी मांडला. डोक्याच्या टोकापासून स्क्रूच्या टोकापर्यंतचं अंतर एपी आणि लॅटरल दोन्हीत मोजून बेरीज करायची, ती २५ मिलिमीटरच्या आत ठेवायची. फिल्म मोठी करून दाखवते, तेव्हा स्क्रूच्या माहीत असलेल्या जाडीने आकडा दुरुस्त करणं गरजेचं. उदाहरणार्थ, स्क्रूचा दांडा प्रत्यक्षात ८ मिलिमीटर, फिल्मवर दिसतो १० मिलिमीटर. एपीत अंतर १२ मोजलं तर १२ गुणिले ८ भागिले १०, म्हणजे ९.६. लॅटरलमध्ये १५ मोजलं तर १२. बेरीज २१.६, चालेल. दुरुस्ती केली नाही तर हेच २७ वाटेल आणि चांगला बसलेला स्क्रू विनाकारण काढला जाईल.

नेलमध्ये प्रवेशाची जागा ग्रेटर ट्रोकँटरच्या टोकावर किंवा किंचित आतल्या बाजूला. बाहेरून शिरलं की नेल बसता बसता तुकडा व्हेरसमध्ये ढकलतो. दुसरी चूक जास्त सर्रास होते आणि कमी ओळखली जाते: रीमर हाड कापण्याऐवजी फ्रॅक्चरच्या फटीत पाचर होऊन बसतो, डोकं एकीकडे आणि दांडा दुसरीकडे सरकतो. तो चालू करून मगच हाडाला लावावा, हळू आत न्यावा, आणि सहायकाने बाहेरून दांडा आत दाबून धरावा. नेल हातानेच आत जायला हवा. हातोडी लागत असेल तर कुठेतरी अडकतंय, आणि ठोकल्यावर दांडा फुटेल. लांब नेल घालताना टोक गुडघ्याच्या वर हाडाच्या पुढच्या कडक कवचावर (कॉर्टेक्सवर) टेकत नाही ना, ते लॅटरलमध्ये पाहावं. पीएफएन या दोन स्क्रूंच्या नेलमध्ये कधी कधी वरचा स्क्रू आत सांध्याकडे आणि खालचा बाहेर सरकतो, त्याला झेड इफेक्ट म्हणतात. व्हेरसमधलं रिडक्शन आणि मोडलेला आतला आधार ही त्याची मुख्य कारणं.

नंतर

दुसऱ्या दिवशी बसवून, उभं करून, वॉकरवर झेपेल तितका भार द्यायचा. ‘सहा आठवडे पाय टेकवू नका’ हा सल्ला वयस्क माणसाला पाळता येत नाही आणि त्याने फायदाही होत नाही. रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी एनॉक्सापॅरिन, मूत्रपिंड ठीक असेल तर दिवसाला ४० मिलिग्रॅम, सुमारे महिनाभर. रुग्ण रात्री गोंधळतो, वायर ओढतो, तेव्हा झोपेचं इंजेक्शन देण्याआधी वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, ऑक्सिजन आणि सोडियम तपासावं. एक्स-रे ६ आणि १२ आठवड्यांनी.

हाड ठिसूळ असल्याचं निदान आणि उपचार डिस्चार्जच्या कागदावर लिहिले गेले नाहीत तर ते पुढेही होत नाहीत, हे आम्ही ठामपणे म्हणतो. व्हिटॅमिन डी भरून काढून, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या वर असेल तर झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ९० दिवसांत सुरू केलेल्या या उपचाराने पुढची फ्रॅक्चर्स आणि मृत्यू दोन्ही कमी झाल्याचं २००७ च्या चाचणीत दिसलं होतं.

कोड लावताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीत हे सगळं एस७२.१ या एका खणात मावतं. अमेरिकेच्या क्लेमसाठी आयसीडी-१०-सीएम लागतं, आणि खरी बारकाई तिथे आहे. खालचे कोड उच्चारानुसार दिले आहेत, सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं रोमन टाकायची.

इंटरट्रोकँटरिकचं घर एस७२.१४. सहावा अंक बाजू आणि सरकणं सांगतो: सरकलेलं असेल तर उजवीकडे १, डावीकडे २, बाजू न नोंदवलेली ३. न सरकलेलं असेल तर याच क्रमाने ४, ५, ६. सरकलंय की नाही हे कागदावर नसेल तर सरकलेलं धरायचं, उघडं की बंद हे नसेल तर बंद. शेजारचे कोड गोंधळात टाकतात: नुसता ग्रेटर ट्रोकँटर एस७२.११, नुसता लेसर एस७२.१२, सबट्रोकँटरिक एस७२.२, मानेचा पायथा एस७२.०४. रिपोर्टमध्ये ‘खुब्याचं फ्रॅक्चर’ एवढंच असेल तर एक्स-रेवरून स्वतः अंदाज न बांधता डॉक्टरांना क्वेरी टाकावी.

सातवं अक्षर ‘ए’ म्हणजे पहिली भेट असा समज सर्रास आढळतो. ‘ए’ म्हणजे बंद फ्रॅक्चरवर सक्रिय उपचार चालू आहेत. दुसऱ्या सर्जनने दहाव्या दिवशी ऑपरेशन केलं तरी ‘ए’च. उघडं फ्रॅक्चर असेल तर गस्टिलो (उघड्या फ्रॅक्चरची प्रतवारी) १ किंवा २ ला ‘बी’, ३ला ‘सी’. उपचार संपून जुळणं नीट चालू असेल तर ‘डी’, उशिरा जुळत असेल तर ‘जी’, जुळलंच नाही तर ‘के’, वाकडं जुळलं तर ‘पी’, दीर्घकालीन परिणामासाठी ‘एस’. ही मधली चार अक्षरं बंद फ्रॅक्चरची, उघड्याची वेगळी. फॉलो-अपला आफ्टरकेअरचे झेड कोड लावू नयेत, फ्रॅक्चरच्या कोडचं सातवं अक्षरच ते काम करतं.

सर्वांत महाग पडणारी चूक ऑस्टिओपोरोसिसची. रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस असल्याचं नोंदलेलं आहे आणि निरोगी हाड मोडणार नाही इतक्या किरकोळ पडण्याने फ्रॅक्चर झालं, तर एस७२ नाही, एम८०. म्हणजे ७८ वर्षांची बाई, वयाने आलेला ऑस्टिओपोरोसिस, उभ्या जागी घसरली, डावी बाजू: एम८०.०५२ए. उजवी असती तर एम८०.०५१ए. दोन्ही कोड एकत्र कधीच नाहीत. ४५ वर्षांचा माणूस शिडीवरून पडला तर एस७२.१४२ए आणि सोबत बाह्य कारणाचा डब्ल्यू११.एक्सएक्सएक्सए. गाठीमुळे मोडलेल्या डाव्या हाडाला एम८४.५५२ए, आणि मूळ कॅन्सरचा कोड वेगळा. ऑस्टिओपोरोसिस डॉक्टरांनी लिहिलेलाच नसेल तर कोडरने वय बघून तो गृहीत धरू नये. हिमोग्लोबिन ७ दिसलं म्हणून डी६२ लावू नये, ‘तीव्र रक्तस्रावामुळे ॲनिमिया’ असे शब्द नोंदीत हवेत.

सर्जनच्या बिलात सीपीटी, म्हणजे अमेरिकेतले प्रक्रियांचे कोड: प्लेट आणि स्क्रूला २७२४४, नेलला २७२४५, ऑपरेशनशिवाय हाताने न बसवता २७२३८, बसवून २७२४०. सी-आर्मखाली बंद रिडक्शन करून नेल घातला तर रिडक्शनचा कोड वेगळा लावायचा नाही, तो २७२४५ मध्येच आला. ९० दिवसांचा ग्लोबल काळ (त्यातली नेहमीची देखभाल ऑपरेशनच्याच फीत) असतो, तेव्हा आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी ऑपरेशनचा निर्णय झालेल्या तपासणीला मॉडिफायर (कोडला जोडायचा दोन अंकी शेरा) ५७ लागतो.

हॉस्पिटलच्या पीसीएस (दाखल रुग्णावरच्या प्रक्रियेच्या) कोडमध्ये ऑपरेशन नोटचा एकेक शब्द मोजला जातो. उजव्या बाजूला बंद रिडक्शन करून त्वचेतून नेल: ०क्यूएस६३६झेड. फ्रॅक्चर उघडून प्लेट: ०क्यूएस६०४झेड. डाव्या बाजूला ६च्या जागी ७. फ्रॅक्चर सरकलेलंच नव्हतं आणि तुकडे जागेवर आणावे लागले नाहीत, नुसता नेल घातला, तर ते रिपोझिशन (हाड जागेवर आणणं) होत नाही, इन्सर्शन (इम्प्लांट घालणं) होतं: उजवीकडे ०क्यूएच६३६झेड. ‘पीएफएन केलं’ एवढीच नोट असेल तर यातलं काहीच ठरवता येत नाही. नोटमध्ये बाजू, सरकणं, रिडक्शन बंद की उघडं, फ्रॅक्चरची जागा डोळ्यांनी पाहिली का, आणि नेल की प्लेट, एवढं हवं. टीएडी लिहिला तर पुढे स्क्रू हलला का हे तुलनेने कळतं.

तो हललाच, डोकं फाडून बाहेर आला, आणि रुग्ण परत दाखल झाला, तर मुख्य कोड इम्प्लांट सरकल्याचा: उजवीकडे टी८४.१२४ए, डावीकडे टी८४.१२५ए. इम्प्लांट तुटलं असेल तर अनुक्रमे टी८४.११४ए आणि टी८४.११५ए. ९० दिवसांच्या आत त्याच सर्जनने पुन्हा थिएटरमध्ये घेतलं तर मॉडिफायर ७८.